कुरणगडची सलामी

दिवाणसाहेब बँडच्या खोलीत कधी येत नसत. त्या दिवशी दुपारी आले, तेव्हा आम्ही पितळी वाद्यं चिंचेनं घासत बसलो होतो. घाईनं उठताना कुणाची तरी वाटी लवंडली आणि चिंचेचं पाणी त्यांच्या बुटाखाली गेलं. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्यामागे फौजदार इंगवले होते आणि दारात पोलिसांची अख्खी तुकडी.

"बसू नका. दोन मिनिटांचं काम आहे," दिवाणसाहेब म्हणाले. "उद्या दहा वाजता प्रजापरिषदेचा मोर्चा राजवाड्यावर येणार. त्या दोन पोरी नेहमीसारख्या सलामीच्या चालीवर गाणार. पोलीस नेहमीसारखे ताठ उभे राहतील. मोर्चा पुलावर येऊ द्यायचा. बँड दरवाजात उभा राहील आणि त्यांच्या गाण्याला साथ देईल."

आमचे बँडमास्तर मिनेझिस गोव्याचे होते. आपण भलतंच ऐकलं असं त्यांना वाटलं. "साथ, साहेब?"

"साथ. एक पूर्ण फेरी. मग तुम्ही हात खाली आणायचा आणि बँड बंद. बँड बंद झाला की सलामी संपली. सलामी संपली की पोलिसांचे हात मोकळे. हातात टोकाला लोखंड मारलेल्या काठ्या असतील."

इंगवल्यांनी घसा साफ केला. "पुढं पोरी असत्यात, साहेब."

"असू देत. पुढूनच सुरुवात करा."

दारातले पोलीस हसले. तीन मोर्चे ते पुतळ्यासारखे उभे राहिले होते आणि गाव त्यांना हसलं होतं. आता त्यांची पाळी होती.

"ही गोष्ट या खोलीबाहेर गेली," दिवाणसाहेब जाता जाता म्हणाले, "तर कोण बोललं ते मी शोधत बसणार नाही. बँडमधल्या सगळ्यांच्या घरांवरून गाढवाचा नांगर फिरवीन."

मी त्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. नाव सदाशिव गुरव, वय एकवीस. साल सत्तेचाळीस. इंग्रज जाऊन चार महिने झाले होते, पण आमच्या कुरणगड संस्थानात सरकारस्वारी विलीन व्हायला तयार नव्हती. सगळीकडे तिरंगा लागला होता, आमच्याकडे अजून सलामी होती.

सलामी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता ते कुणाला खरं वाटत नाही. आजोबा-सरकारांच्या वेळी एका गोऱ्या बँडमास्तरानं ती चाल बसवली होती. तिला शब्द नव्हते. ती कानावर पडली की माणसानं जिथं असेल तिथं उभं राहायचं, पागोटं सरळ, हात मांडीला. न्हाव्याचा वस्तरा गालावर थांबायचा. चाल कुठून आली हे बघायचं नाही, आली की उभं राहायचं. राजवाड्यात एक पोपट होता, त्यानं ती शीळ घातली तरी पहारेकरी टाच जुळवायचे. एकदा बाजारात एक म्हातारा उभा राहिला नाही म्हणून त्याला बारा फटके मारले. तो ठार बहिरा होता हे नवव्या फटक्याला कळलं. उरलेले तीन तरी मारले, कारण हुकूम बाराचा होता.

या चालीला शब्द दिले ते ठकूनं. यादोबा पोरे म्हणून शिंपी होते, पोलिसांचे गणवेश शिवायचे. त्यांच्या दोन मुली, मथुरा आणि ठकू. आई नव्हती. मथुरा एकोणीसची, शांत. ठकू सोळाची, जिभेला हाड नसलेली. मी संध्याकाळी त्यांच्या दुकानामागच्या पडवीत रियाजाला बसायचो, कारण घरी माझा बाप म्हणायचा, देवळातली सनई सोडून पिपाणी धरलीस, माझ्यासमोर फुंकू नकोस. ठकूनं तो शब्द उचलला होता.

"ए पिपाणीवाले," ती एकदा काजं करता करता म्हणाली, "तुझ्या ह्या चालीला तोंड हाय, जीभ न्हाई. मी दिऊ?"

आणि तिनं गाऊन दाखवलं:

उभं ऱ्हा रं, उभं ऱ्हा,
फौजदाराचं प्वाट पहा!

यादोबांनी हातातली कात्री दाखवली. "गप कार्टे! त्याच पोटाचं माप घ्यायला मला उद्या जायाचंय."

ठकू गप बसणारी नव्हती. शुक्रवारच्या बाजारात इंगवले फौजदार भज्यांच्या गाडीशी उभे होते. ठकूनं चार हातांवरून चाल धरली. इंगवले तोंडात मिरचीचं भजं घेऊन ताठ झाले. सवय होती, दुसरं काय. ती गात राहिली, ते उभे राहिले. ना चावता येत होतं, ना थुंकता. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सगळा बाजार खोकल्याचं निमित्त करून हसत होता.

दुसऱ्या दिवशी रेडेकर वकील यादोबांच्या दुकानात आले. प्रजापरिषदेचे ते पुढारी. त्यांनी ठकूकडून गाणं दोनदा म्हणून घेतलं. मग म्हणाले, "चाल सोडायची नाही. फक्त पोट काढून टाकू." त्यांनी ते असं केलं:

उभे रहा रे, उभे रहा,
प्रजेचे हे राज्य पहा!

ठकूला आवडलं नाही. "ह्याला कोण हसणार?" ती म्हणाली. पण मोर्चात तिनं तेच म्हटलं. युक्ती साधी होती. गाणं चालू आहे तोवर पोलिसांना हलता येत नाही, म्हणून गाणं तुटू द्यायचं नाही. तीनशे माणसं एका दमात गात नाहीत, धाप लागते, मध्ये फट पडते. म्हणून दोघी बहिणी पुढे. एकीनं ओळ म्हणायची, तेवढ्यात दुसरीनं श्वास घ्यायचा. मागचे लोक गायले न गायले तरी चाल तुटायची नाही. असे तीन मोर्चे पोलिसांच्या नाकासमोरून गेले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गाव समजलं की ही युक्ती कायमची आहे. आपलाच कायदा सरकार कसा मोडेल, असं म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची. उद्याच्या मोर्चाला म्हणूनच बायका पोरं घेऊन येणार होत्या.

दिवाणसाहेब गेल्यावर मी बँडच्या खोलीतून निघालो आणि मागच्या गल्लीनं रेडेकर वकिलांकडे गेलो. ते एकटेच होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"येताना कुणी पाहिलं?"

"न्हाई."

"म्हणजे बँड थांबला की मारणार."

"व्हय. पुढनं सुरुवात करणार."

"बरं झालं," ते म्हणाले.

मला वाटलं, मी वेळेवर आलो म्हणून बरं झालं म्हणतायत. मी म्हणालो, "मग मोर्चा रद्द झाल्याचं आत्ताच दवंडी देऊन सांगूया."

"रद्द कोण म्हणालं? सदाशिव, आपण तीन मोर्चे काढले. पोलीस उभे राहिले, लोक हसले आणि घरी जाऊन जेवले. तमाशा झाला. हसणाऱ्याच्या हातात कुणी राज्य देत नाही. उद्या पुण्याहून दोन वार्ताहर येतायत, एकाजवळ कॅमेरा आहे."

"पुढं मथुरा-ठकू हाईत, वकीलसाहेब."

"त्यांचं मी बघतो." त्यांनी चष्मा घातला. "आणि हे बघ. तू सरकारी चाकर. ही बातमी फुटली तर दिवाण तुझं घर नांगरील. आणि लोक म्हणतील, मोर्चा फोडायला दिवाणानंच ह्याला पाठवला. दोन्हीकडून मरशील. तू तुझं काम केलंस. आता गप रहा."

मग तुम्ही पुढं उभे रहा, असं मी म्हणालो नाही. ते नंतर पन्नास वर्षं मनातल्या मनात म्हणालो.

दिवस कलता कलता मी यादोबांकडे गेलो. यादोबा नवी खादी फाडत होते. ठकू मला बघून ओरडली, "आला गं पिपाणीवाला! तोंड का असं? चिंच पितळेला लावायची असती, चाटायची नसती."

"उद्या पुढं कोण हाय?" मी विचारलं.

"कोण म्हंजी? आम्हीच की. वकीलसाहेब आत्ताच येऊन गेले. दोघींनी पांढरंच नेसा म्हणाले. खादी त्यांनीच धाडली बघ."

"पांढरंच का?"

"पांढऱ्यावर उठून दिसतं म्हणं."

"काय उठून दिसतं?"

"मला काय ठावं! फोटूत म्या दिसन, अजून काय." तिनं हातातला कोळशाचा चिमटा माझ्यापुढे नाचवला. "तू दरवाजात असशील ना रं उद्या? तोंड वाकडं करून उभा ऱ्हाऊ नको, फोटू नासंल."

ती इस्त्रीत निखारे भरायला आत गेली. यादोबांच्या मशीनचा खडखडाट चालू होता. मथुरा पडवीच्या पायरीवर गुंड्या लावत बसली होती. मी तिच्याजवळ उभा राहिलो.

"उद्या तू येऊ नकोस," मी म्हणालो.

"का?"

"असंच. ताप आलाय म्हण."

तिनं वर पाहिलं. याआधी आम्ही दोघं एकमेकांशी दहा वाक्यं बोललो नसू. "काळजी वाटती?" तिनं विचारलं.

"व्हय."

ती हसली आणि खाली बघून दोरा तोडला. "मग ठकूला श्वास कोण देईल?"

तेवढ्यात ठकू इस्त्री घेऊन बाहेर आली. "काय कुजबुज चाललीया?"

"कुठं काय," मी म्हणालो. तांब्यातलं पाणी प्यालो आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधीच आम्ही राजवाड्याच्या दरवाजात उभे होतो. समोर खंदक, खंदकावर दगडी पूल. पुलाच्या अलीकडे दोन्ही बाजूंना पोलीस. ऊन चांगलं होतं. मोर्चा बाजाराच्या वळणावर आला तेव्हा आधी दोन पांढरे ठिपके दिसले. मग गाणं ऐकू आलं. पोलिसांनी टाचा जुळवल्या. मागच्या बायका एकमेकींना दाखवून हसल्या.

मोर्चा पुलावर आला. मिनेझिस मास्तरांनी हात उचलला आणि बँडनं गाणं उचललं.

लोकांना आधी कळलंच नाही. मग एकदम आरोळी उठली. त्यांना वाटलं बँड फितला! सरकारचा बँड आपल्या बाजूला आला! टोप्या उडाल्या. कुणी रडायला लागलं. ठकूनं मला पाहिलं आणि गाता गाता हात वर करून हलवला, जत्रेत ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतात तसा. तिच्या शेजारी मथुरा होती. तिला ताप आलेला नव्हता.

क्लॅरिनेटकडे चाल असते. बाकीचे थांबले तरी क्लॅरिनेट चालू असेल तर बँड चालू आहे. हे मला ठाऊक होतं. फेरी संपली. मिनेझिस मास्तरांनी हात खाली आणला. बाकीचे थांबले. मी दोन सूर जास्त वाजवले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी थांबलो.

दोन सूर. मी एवढंच केलं.

बँड थांबल्यावर पुलावर दोन मुलींचा आवाज उरला. ओळ ठकूची होती. पहिली काठी तिच्या टाळूवर बसली. ती ओरडली नाही, ओळीच्या मध्येच खाली बसली, पाटावर बसावं तशी. मथुरानं तेव्हा श्वास घेतलेला होता. पुढची ओळ तिची होती. तिनं ती म्हटली. इतके दिवस ठकू थांबली की आपण घ्यायचं, एवढंच तिला माहीत होतं. ज्यानं तिला मारलं त्यानं तोंडावर मारलं, आवाज तिथून येत होता म्हणून.

मग मागचे लोक पळाले आणि पूल अरुंद पडला. खंदकात पडून सहा माणसं गेली, त्यांत दोन लहान पोरं होती. कॅमेरावाला कठड्यावर चढून फोटो घेत होता. वकीलसाहेब त्याच्याजवळ उभे होते. पांढऱ्यावर उठून दिसत होतं.

फोटो पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत आला. तीन आठवड्यांत सरकारस्वारीनं राज्य प्रजेच्या हाती देण्यावर सही केली, दिवाण रातोरात गाव सोडून गेले आणि प्रजासरकार आलं. रेडेकर मुख्य प्रधान झाले. पुढे संस्थान मुंबई प्रांतात गेलं. पण मधले एकेचाळीस दिवस कुरणगड स्वतंत्र देश होता आणि 'उभे रहा' हे त्याचं राष्ट्रगीत होतं. रोज सकाळी त्याच दरवाजात झेंडा चढायचा आणि आमचाच बँड ते वाजवायचा. इंगवले फौजदार टाच जुळवून सलाम ठोकायचे. त्यांना बढती मिळाली होती.

देश संपला तरी गाणं राहिलं. शाळेत आलं, साखर कारखान्याच्या मोळीपूजनाला आलं, निवडणुकीत दोन्ही पक्षांच्या जीपवर वाजलं. लग्नाच्या वरातीत मी स्वतः वाजवलंय. तालुक्याच्या इतिहासाच्या पुस्तकात छापलंय की हे गीत रेडेकरांना तुरुंगाच्या कोठडीत एका पहाटे स्फुरलं. रेडेकर तोवर तुरुंगात गेलेच नव्हते. ठकूचं नाव चौकाला दिलंय, हुतात्मा ठकूबाई चौक. तिथे रिक्षा उभ्या राहतात.

मथुराचा जबडा तीन ठिकाणी मोडला होता. मिशनच्या डॉक्टरनं तारेनं बांधला, पण तोंड डावीकडे वळून राहिलं. बोललेलं सवयीच्या माणसालाच कळायचं. गाणं गेलं ते गेलंच. दीड वर्षानं यादोबा माझ्याकडे आले. म्हणाले, "सदाशिवा, तिला आता कोण करणार?" मी म्हणालो, "मी करतो."

गावानं मला डोक्यावर घेतलं. गुरवाच्या पोरानं शिंप्याची पोर केली, तीही तोंड मोडलेली, हुंडा नाही, मानपान नाही. सत्कार झाला. माझ्या बापानंही मला पोटाशी धरलं. मथुरा पहिल्या रात्री माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "तुम्ही मला पदरात घेतलंत." मी तिला उठवलं. दुसरं काय करणार होतो?

आमचा संसार चांगला झाला. हे मी खोटं सांगत नाही. भाकरी तिला चावत नसे, म्हणून मी रोज तिची भाकरी आमटीत कुस्करून द्यायचो. दोन मुलगे झाले, सुना आल्या. आणि तिची एक गोष्ट होती. कुणी पाहुणी आली, कुणी शाळेतली मुलं मुलाखत घ्यायला आली, की शेवटी ती सांगायची. शब्द कळायचे नाहीत म्हणून थोरली सून वैशाली सांगायची, "आई म्हणतात, आदल्या दिवशी अप्पांनी त्यांना सांगितलं होतं, उद्या येऊ नको. तेव्हा लग्न नव्हतं, काही नव्हतं. तरी ह्यांना आतून कळलं होतं." मथुरा पदर तोंडाला लावून हसायची. तेवढीच एक वेळ ती लोकांसमोर हसायची. ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली, आणि प्रत्येक वेळी सुपारी कातरत बसलो.

सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात पन्नास वर्षं झाली म्हणून पुलाजवळ मोठा समारंभ झाला. रेडेकर अठ्ठ्याऐंशीचे होते. मंत्रिपदं भोगून झाली होती. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. मथुरा मंचावर त्यांच्या शेजारी, मी तिच्यापलीकडे. कुणीतरी त्यांच्या तोंडासमोर माईक धरला.

"आज मी एक गोष्ट सांगणार आहे," ते म्हणाले. "पन्नास वर्षं मी ती पोटात ठेवली. आदल्या दिवशी दुपारीच मला खबर मिळाली होती, की बँड थांबला की लाठ्या पडणार. बँडमधल्याच एका देशभक्तानं जिवावर उदार होऊन ती आणली होती. मी त्याला विचारलं, मागे फिरायचं का? तो म्हणाला, नाही वकीलसाहेब, आता मागे फिरणं नाही! तो माणूस आज इथं आहे. सदाशिवराव, उभे रहा!"

लोक टाळ्या वाजवत होते. मी उभा राहिलो. कुणीतरी हार घातला. मथुरानं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती माझ्याकडे बघत होती, गणित घातल्यावर पोर फळ्याकडे बघतं तसं.

घरी आल्यावर तिनं लुगडं बदललं, चूळ भरली आणि माझ्यासमोर येऊन बसली. इतक्या वर्षांत तिचं बोलणं मला कधी परत विचारावं लागलं नव्हतं.

"मला येऊ नको म्हणालात," ती म्हणाली.

"व्हय."

"ठकू आत होती. निखारं भरत होती."

"व्हय."

"तिला का न्हाई म्हणालात?"

मी सुपारीचा अडकित्ता उचलला.

"तिला सांगितलं असतं तर ती साऱ्या गावात बोंबलली असती," मथुरा म्हणाली. "मग दिवाणाला कळलं असतं. मी गप बसणारी. म्हणून मला."

"तो वकील म्हणाला, पोरींचं बघतो—"

"त्यानंच पांढरं धाडलं. ते तुमाला ठकूनं सांगितलं. तुमी तिथंच उभं होता."

"भ्यालो, मथुरा."

"ते समजलं मला." ती उठली. "पन्नास वर्षं मी बायकांना सांगत आले, ह्यांना काळजी होती म्हणून."

त्यानंतर ती भांडली नाही. चहा द्यायची, औषधाची आठवण करायची. भाकरी मात्र माझ्या हातची घेतली नाही. वैशाली कुस्करून द्यायची, तिला वाटायचं अप्पा थकले. गोष्ट सांगणंही बंद झालं. फाल्गुनात तिला कावीळ झाली आणि मग पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या.

जाण्याच्या आठ दिवस आधी, दुपारी, घरात कुणी नसताना तिनं मला खुणेनं बोलावलं.

"मी आता जाणार. बायका येतील. हिरवं नेसवतील, ओटी भरतील. अहेव गेली म्हणतील, भाग्याची म्हणतील."

"असं बोलू नको."

"ऐका. शेवटचं कुंकू नवरा लावतो. तुमी लावू नका." थांबून तिनं दम घेतला. "आणि नुसतं गप राहून टाळू नका. हात थरथरतोय, डोळ्याला दिसत न्हाई, असलं सांगायचं न्हाई. सगळ्यांपुढं सांगा, मी लावणार न्हाई. का, ते सांगा. वकिलाला सांगितलंत ते लोकांना कळलंय, हार घातलाय. आमाला न्हाई सांगितलंत, ते सांगा. तुमच्या तोंडानं. मला तोंड न्हाई."

"सांगतो," मी म्हणालो.

"सांगाल?"

"तुझी शपथ."

तिनं डोळे मिटले. त्या आठ दिवसांत तिला बरं वाटत होतं असं वैशाली म्हणते.

चैत्रातल्या एका सकाळी ती गेली. वीरांगना म्हणून तहसीलदार आले, आमदारांचा हार आला, शाळा सोडून मुलांना रांगेत उभं केलं. रेडेकरांचा नातू आला. अंगणात माणूस मावत नव्हता. आत बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली, हातभर हिरवा चुडा भरला. तिरडी अंगणात आणून ठेवली. वैशालीनं कुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरला.

"अप्पा, लावा."

सगळे थांबले होते. मुलं, तहसीलदार, बायका, माझे दोन्ही मुलगे. ओरडायची गरज नव्हती, साध्या आवाजात बोललो असतो तरी शेवटच्या माणसाला ऐकू गेलं असतं. मी तोंड उघडलं. रेडेकरांच्या नातवानं हात जोडले. माझ्या धाकट्या मुलाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो माझ्याकडे बघत होता.

"अप्पा," वैशाली हळूच म्हणाली, "हात धरू का?"

"नको," मी म्हणालो.

मी चिमूट भरली आणि तिच्या कपाळावर कुंकू लावलं. हात थरथरला नाही, नीट गोल लागलं.

मागे एक म्हातारी म्हणाली, "भाग्याची गं बाई. नवऱ्याच्या हातचं लेऊन गेली."

मी मान डोलावली.